बी.कॉम.चे अर्ज आणि 'वार्षिक सभा इतिवृत्त', दोन्ही आमच्या मेल फिल्टरला व्हायरस वाटतात

टर्मिनलताई

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या पतसंस्थेत लिपिक पदाची भरती चालू आहे, अर्ज ईमेलवर मागवलेत. मेल सर्व्हर आमचाच, पोस्टफिक्स नावाच्या प्रोग्रॅमवर. मी इथे रुजू व्हायच्या आधीपासून तो चालतोय आणि कोणी त्याला हात लावत नाही, कारण 'चालतंय ना, मग राहू दे'.

परवा सचिव साहेबांनी बोलावून विचारलं, "यंदा बी.कॉम.ची पोरं रुसलीत का? बी.ए., बी.एस्सी.चे अर्ज ढिगानं आलेत, कॉमर्सचा एकही नाही." पतसंस्थेच्या भरतीत कॉमर्सवाले नाहीत म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे मलाही कळलं. लॉग उघडला तर 'रिजेक्ट: हेडर' म्हणून ओळीच्या ओळी (हेडर म्हणजे मेलसोबत जाणारी माहितीची ओळ, अटॅचमेंटचं नावही त्यातच असतं). समोरच्याला '५५० ५.७.१ मेसेज कंटेंट रिजेक्टेड' एवढंच उत्तर जातंय. गावाकडून मोबाइलवर अर्ज पाठवणारं पोरगं ते इंग्रजी बाउन्स वाचणार कधी आणि समजणार कधी?

हेडर चेकच्या फाइलमध्ये ही ओळ सापडली. इंग्रजी अक्षरं इथे देवनागरीत टंकते आहे, चिन्हं जशीच्या तशी:

/नेम=.*.(बॅट|कॉम|ईएक्सई|पीआयएफ|एससीआर|व्हीबीएस|रेग|आयएनएस)/ रिजेक्ट

अडलेल्या फाइलींची नावं पाहा (सगळी मूळ इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहेत): 'टीवाय बी.कॉम मार्कशीट', 'इन्कम सर्टिफिकेट', 'कॉम्प्युटर टायपिंग ४० शब्द', 'रजिस्ट्रेशन स्लिप', एकाची तर 'अमुकतमुक@जीमेल.कॉम रेझ्युमे'. सगळ्या पीडीएफ. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मात्र खुशाल आत येतं.

डॉट कॉमची भानगड निदान अंदाजानं कळते. पण दुसरा प्रकार डोक्याबाहेरचा आहे. एका शाखेच्या व्यवस्थापकांनी वेबमेलवरून 'वार्षिक सभा इतिवृत्त' नावाची पीडीएफ पाठवली, ती अडली. नाव पूर्ण मराठीत, देवनागरीत. त्यात कॉम कुठे आणि ईएक्सई कुठे? त्यांनी नाव बदलून 'सभा इतिवृत्त' केलं, गेली. नुसतं 'इतिवृत्त', गेली. मूळ नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत साल घातलं, तरी गेली. मूळ नावानं पुन्हा पाठवली की परत अडते. आणि तीच फाइल त्याच मूळ नावानं सचिव साहेब लॅपटॉपवरच्या मेल प्रोग्रॅममधून पाठवतात तेव्हा बिनबोभाट पोचते. व्यवस्थापकांचं म्हणणं, सर्व्हर माणूस बघून वागतो.

विचारायचं ते असं: एक, यादीतून 'कॉम' काढून टाकू का? दोन, हे इतिवृत्ताचं काय गौडबंगाल आहे? तीन, चेअरमन म्हणतात त्यांच्यासाठी हा नियम बंद ठेव. तसं करता येतं का? ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यायची आहे, त्याआधी निस्तरायला हवं.

---

फुकटसल्ला

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायची हौस सोडा. महिन्याला माणशी थोडे पैसे भरून तयार सेवा घ्या, रात्री झोप लागेल.

---

पोस्टमनकाका

ताई, वरच्या सल्ल्याला आत्ता नमस्कार करा. संचालक मंडळापुढे खर्चाचा विषय मांडून मंजुरी मिळेपर्यंत तुमची भरती उरकलेली असेल. तुमचा नियम बघू.

त्या ओळीत दोन भोकं आहेत. पहिलं भोक कंसाच्या आधीच्या टिंबाचं. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या या भाषेत) नुसतं टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. खरा डॉट हवा असेल तर आधी उलटी तिरकी रेघ लावावी लागते: \. अशी. ती नाही म्हणून 'इन्कम'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं 'एन' हे टिंबाच्या जागी बसलं आणि पुढचं 'कॉम' यादीत सापडलं. 'कॉम्प्युटर'च्या आधी अवतरण चिन्ह आहे, तेही 'कुठलंही एक अक्षर'च. 'रजिस्ट्रेशन'मधला 'रेग' तसाच. उद्या कोणी 'इन्शुरन्स' नावाची फाइल पाठवली तर तीही 'आयएनएस'मध्ये जाणार. एमएस-सीआयटी वाचलं, कारण त्या अक्षरांत यादीतलं काही बसत नाही.

दुसरं भोक शेवटाचं. नियमात कुठेही म्हटलेलं नाही की हे एक्स्टेन्शन (फाइलच्या प्रकाराची शेपटी) नावाच्या शेवटी असलं पाहिजे. त्यामुळे तिरकी रेघ लावलीत तरी बी.कॉम. अडणारच, तिथे डॉट खराखुरा आहे. जीमेल.कॉमचंही तेच. आणि आपल्याकडे लोक 'करार.रेग.नं.' अशी नावं ठेवतात, ती सगळी 'रेग'मध्ये सापडतील.

आता मोह होईल तो शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह (म्हणजे 'इथे मजकूर संपला') लावण्याचा. लावू नका. नाव संपल्यावर अवतरण चिन्ह बंद होतं, कधी पुढे अर्धविराम येऊन आणखी माहिती येते. नुसता डॉलर लावलात तर जवळजवळ काहीच अडणार नाही, खरी ईएक्सईसुद्धा नाही, आणि तुम्हाला वाटेल काम झालं. पोस्टफिक्सच्या हेडर चेकच्या मॅन्युअल पानावर याच कामाचा नमुना दिलेला आहे, त्याचा शेवट बघा. त्या धर्तीवर तुमचा नियम असा होईल:

/^कंटेंट-(डिस्पोझिशन|टाइप):.*नेम *= *"?[^;]*\.(बॅट|कॉम|ईएक्सई|पीआयएफ|एससीआर|व्हीबीएस|रेग|आयएनएस)(\?=)?"? *(;|$)/ रिजेक्ट

'[^;]*' म्हणजे अर्धविराम सोडून काहीही. आधीचा '.*' हेडरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होता, त्याला इथे लगाम बसतो. लक्षात ठेवा, हेडर चार ओळींत मोडलेलं असलं तरी पोस्टफिक्स ते अख्खं एकच धरून तपासतो.

यादीतून 'कॉम' काढू नका. डॉट कॉम ही डॉसच्या काळापासूनची चालणारी फाइल आहे. जानेवारी २००२ मध्ये 'मायपार्टी' नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा व्हायरस) आला होता, त्याच्या अटॅचमेंटचं नावच याहूच्या एखाद्या वेबपत्त्यासारखं होतं, शेवटी डॉट कॉम. लोकांनी लिंक समजून क्लिक केलं आणि प्रोग्रॅम चालला. २००० च्या मे महिन्यातल्या 'आय लव्ह यू' वर्मची फाइल 'टीएक्सटी.व्हीबीएस' अशी दुहेरी शेपटीची होती. ज्यानं कोणी तुमचा नियम लिहिला, त्यानं बहुधा त्याच दिवसांत घाईघाईनं लिहिला असणार. यादीत पीआयएफ आणि एससीआर आहेत, ते २००३ च्या सोबिग आणि २००४ च्या मायडूम या वर्मच्या आठवणीत.

चेअरमनसाहेबांना सांगा, हेडर चेकमध्ये माणूस बघायची सोयच नाही. तिथे एका वेळी एकच हेडर डोळ्यांसमोर असतं. कोणाकडून आलं, कोणाला चाललंय, याचा त्या नियमाला पत्ता नसतो.

बदल थेट चालू करू नका. 'रिजेक्ट'च्या जागी 'वॉर्न' लिहा. मेल आत येतो आणि लॉगमध्ये नोंद पडते. पण हा बदल फक्त नव्या नियमाची चाचणी होईपर्यंत, कारण तोवर दार उघडं असतं. दार उघडं ठेवायला कोणी हरकत घेतलीच तर 'होल्ड' ठेवा: संशयित मेल रांगेत थांबतो आणि तुम्ही बघून पोस्टसुपर या पोस्टफिक्सच्या कमांडनं सोडता. भरतीच्या दिवसांत मी तरी होल्डच ठेवीन, अर्ज परत जाण्यापेक्षा अर्धा दिवस थांबलेला परवडला.

आणि जुन्या लॉगमधल्या त्या 'रिजेक्ट: हेडर'च्या ओळी फेकू नका. त्यातली हेडरं कापून एका फाइलीत भरा आणि पोस्टफिक्सच्याच पोस्टमॅप कमांडला '-क्यू' देऊन नव्या नियमावरून फिरवा. यापेक्षा चांगला परीक्षेचा पेपर मिळणार नाही, तुमच्याच गिऱ्हाइकांनी काढलेला आहे.

इतिवृत्ताचं मात्र मला समजलेलं नाही. वेबमेलवरून आलेल्या त्या मेलचं कच्चं हेडर द्या.

---

टर्मिनलताई

काका, आभार. हेडर काढलं. नावाच्या जागी '=?यूटीएफ-८?बी?' आणि पुढे अगम्य इंग्रजी अक्षरांची माळ आहे. सचिव साहेबांच्या मेलमध्ये वेगळंच, टक्केवारीच्या चिन्हांची रांग.

---

तीनबाइट

ताई, तुमच्या व्यवस्थापकांना सांगा, सर्व्हर माणूस बघत नाही. तो 'इ' बघतो. मजा नाही करत, कागदावर मांडून पाहिलं.

मेलच्या हेडरमध्ये देवनागरी सहसा सरळ जात नाही. तुमचं वेबमेल नाव बेस६४ मध्ये (कुठलाही मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत मांडायची पद्धत) बदलून, म्हणजे एन्कोड करून, पाठवतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे धरून. बेस६४ ची पद्धत अशी की तीन बाइटचा एक गट करायचा आणि त्याची चार इंग्रजी अक्षरं बनवायची. तीन-तीनचा हा मेळ बसतो तोवर सगळं सुरळीत. पण स्पेस एका बाइटची असते. एक स्पेस आली की पुढचे सगळे गट एका बाइटनं सरकतात, दोन आल्या की दोन बाइटनं, तीन आल्या की गाडी पुन्हा रुळावर.

आता 'इ' घ्या. त्याचे तीन बाइट, सोळाच्या पायावर लिहिलेले: ई०, ए४, ८७. 'वार्षिक सभा इतिवृत्त' यात 'इ'च्या आधी स्पेस दोन. म्हणून गट असा पडतो की 'इ'चा पहिला बाइट मागच्या गटात जातो आणि ए४, ८७ आणि पुढच्या 'त'चा पहिला ई० असा एक गट होतो. त्याची चार अक्षरं काढली: छोटा पी, मोठा आय, छोटा एफ, छोटा जी.

पी, आय, एफ. पोस्टफिक्सची पॅटर्नवाली टेबलं आपण वेगळं सांगितलं नाही तर छोटं-मोठं अक्षर सारखंच मानतात. मागे टिंब आहेच, त्याला कुठलंही अक्षर चालतं. झाली पीआयएफ फाइल तयार!

पडताळून पाहा. 'सभा इतिवृत्त' यात स्पेस एक, गट वेगळा पडतो, फाइल जाते. नुसतं 'इतिवृत्त', स्पेस नाही, जाते. मूळ नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत साल म्हणजे चार अंक आणि तीन स्पेस, सात बाइट; सातातून सहा गेले की उरला एक, म्हणजे एका स्पेससारखंच, जाते. तेच साल मराठी आकड्यांत 'सभा इतिवृत्त'च्या आधी लावून बघा, अडेल. मराठी आकडाही तीन बाइटचाच, त्यामुळे हिशोबात फक्त दोन स्पेस राहतात. स्पेसऐवजी अंडरस्कोअर दिलात तरी तेच.

मी गंमत म्हणून बाकीचे स्वर आणि व्यंजनं पण बसवून पाहिली. पीआयएफ होण्याचं भाग्य एकट्या ऱ्हस्व 'इ'चं, तेही पुढे लगेच दुसरं देवनागरी चिन्ह असेल तरच. कोणा शाळेत असा सर्व्हर असेल तर 'प्रगती पुस्तक इयत्ता पाचवी' अडत असणार आणि मास्तरांना कारण कळत नसणार. अर्थात नाव फार लांब असेल तर ते तुकड्यांत एन्कोड होतं, प्रत्येक तुकड्याची मोजणी नव्यानं सुरू होते, तिथे हा हिशोब बदलेल.

सचिव साहेबांचं का जातं? त्यांचा प्रोग्रॅम टक्केवारीची पद्धत वापरतो. तिथे 'फाइलनेम' आणि बरोबरच्या चिन्हाच्या मध्ये एक तारांकन असतं. तुमचा नियम 'नेम=' असं सलग शोधतो, त्याला ते नाव दिसतच नाही.

काकांनी सांगितलेली तिरकी रेघ लावलीत की 'इ' सुटला. बेस६४ च्या अक्षरांत डॉट नसतोच.

---

पोस्टमनकाका

वा रे पठ्ठ्या! इतकी वर्षं पोस्टफिक्स हाकतोय, 'इ'नं पीआयएफ झालेला पाहिला नव्हता.

पण ताई, त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, आणि खूश होऊ नका. बेस६४ मध्ये डॉट नसतो म्हणजे काय? उद्या कोणी 'पगारपत्रक' असं देवनागरीत नाव देऊन मागे ईएक्सईची शेपटी लावली, तर वेबमेल ते अख्खं नाव शेपटीसकट एन्कोड करेल. आपला नवा, नेटका नियम त्या माळेत डॉट शोधत बसेल आणि फाइल सरळ आत. टक्केवारीवाल्या पद्धतीत तर तारांकनामुळे आधीपासूनच आत जात होती. जुना नियम निरपराध पोरांना अडवत होता आणि मराठी नावाच्या चोराला सोडत होता.

हा दोष तुमच्या नियमाचा नाही. पोस्टफिक्सच्या कागदपत्रांतच लिहिलं आहे की हे चेक काहीही डीकोड करत नाहीत, मजकूर बेस६४ मध्ये असेल तर तुमचा पॅटर्न बेस६४ शीच जुळवावा लागेल. पाकीट न फोडता वरचा पत्ता वाचायचा, एवढंच या चेकचं काम. तुमच्याकडे निम्म्या फाइलींची नावं मराठी आहेत, तिथे एवढ्यावर भागणार नाही.

म्हणून दोन टप्पे करा. आज रात्री वरचा नियम 'होल्ड'सह लावा. सभा झाली की आरस्पॅमडी किंवा अमाविस यातला एक मेल तपासणारा प्रोग्रॅम बसवा. ही मंडळी मेलचे भाग सुटे करतात, नाव आधी डीकोड करतात आणि मग एक्स्टेन्शन बघतात. अमाविस तर आतला माल कोणत्या प्रकारचा आहे तेही तपासतो, म्हणजे ईएक्सईला पीडीएफ असं नाव दिलं तरी पकडली जाते, आणि झिप उघडून आतलीही नावं बघतो. त्याच्या मूळ कॉन्फिगमध्ये दुहेरी शेपटीचा नियम लिहिलेला आहे, तो वाचा. तिथे \. कुठे आहे आणि डॉलर कुठे आहे, ते पाहून हात बसेल. चेअरमनसाहेबांची सूट हवीच असेल तर तीही तिथे पत्त्यानुसार देता येते. देऊ नका, पण देता येते.

---

फुकटसल्ला

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

---

टर्मिनलताई

काका, तीनबाइट, दोघांनाही दंडवत.

नवा नियम 'होल्ड'सह लावला. आधी जुन्या लॉगमधली हेडरं पोस्टमॅपमधून फिरवली. इन्कम, टायपिंग, रजिस्ट्रेशन, जीमेलवाला, सगळे सुटले. बी.कॉम.वालेही सुटले, एक सोडून. त्या पोरानं बहुधा मार्कशीटचा फोटो काढून फाइलला नाव दिलंय 'टीवाय.बी.कॉम', बस, पुढे जेपीजी वगैरे काही नाही. ही अडली, आणि काकांच्या हिशोबानं अडायलाच हवी, कारण विंडोजच्या दृष्टीनं ती खरोखरच डॉट कॉम फाइल आहे. माझ्या टेबलावरच्या मशीनवर त्याच नावाची फाइल बनवून उघडायचा प्रयत्न केला तर विंडोज ती प्रोग्रॅम म्हणून चालवायला निघालं होतं. त्याचा मेल आता होल्डमध्ये येणार नाही, तो जुन्या नियमानं केव्हाच परत गेलाय. लॉगमध्ये फक्त हेडरची ओळ आणि पत्ता उरलाय. अशा सगळ्यांना 'अर्ज पुन्हा पाठवा' असा मेल केलाय आणि अर्जाची मुदत वाढवून घ्यायला साहेबांकडे टिपणी ठेवलीय. टिपणीत कारण लिहिताना 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं, 'इ'ची गोष्ट समजावत बसले नाही.

व्यवस्थापकांना मात्र सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सचिव साहेबांचं जातं आणि माझं जात नाही, हे खरंच होतं ना?"

पगारपत्रकाचा प्रयोगही केला. देवनागरी नाव, मागे ईएक्सई, आत रिकामी टेक्स्ट फाइल. वेबमेलवरून पाठवली, थेट माझ्या इनबॉक्समध्ये हजर. म्हणून सभेपर्यंत थांबत नाही, शनिवारी दुपारी शाखा बंद झाल्या की आरस्पॅमडी बसवते. मेमरी दोन जीबी आहे त्या मशीनला, पुरेल का कोणी सांगेल?

---

तीनबाइट

पुरेल, पण शेजारी रेडिसही (मेमरीत माहिती ठेवणारा डेटाबेस) लागतो, त्याच्या मेमरीला मर्यादा घालून ठेवा. आणि शनिवारी पहिल्यांदा चालू कराल तेव्हा त्याला कोणताही मेल नाकारू देऊ नका, नुसते संशयाचे गुण लिहू दे. सोमवारी लॉग इथे टाका, बघू.